निळ्या धुराचा मिस्त्री

मिस्त्री गाडीच्या मागं पालथा पडला होता. तोंड धुराच्या नळीकडं, हात पुढं, हातात बॅटरी, आणि बॅटरी चालू. गाडीचं इंजिनही चालू. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीत शेडकडं उघडणारी एक लहान खिडकी आहे, तिच्यातून मी हे बघितलं. "ओ मिस्त्री" म्हणून हाक मारली. परत मारली. त्यानं मान हलवली नाही.

खिडकी एवढी लहान, की तिच्यातून माझं डोकं गेलं तरी खांदे जात नाहीत. शेडच्या दाराला आतून कडी. दाराखालच्या फटीत ओली पोती कोंबलेली, वरच्या झरोक्यांना प्लॅस्टिक बांधलेलं. हे सगळं त्यानंच केलेलं, धूळ येऊ नये म्हणून. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि अंगणातून दाराकडं निघाले. माझे गुडघे तेव्हाही दुखत होते, पण त्यांना विचारलं नाही.

हा माणूस कसला होता ते सांगितल्याशिवाय तो तिथं तसा का पडला हे कळायचं नाही.

शेड माझ्या नवऱ्याची. त्यात त्याचे माग होते. नवरा गेला, माग भंगारात गेले, शेड राहिली. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. ती लहान खिडकीही तेव्हाचीच. मी इकडं बसून सूत गुंडाळून कांड्या भरायची आणि तिथून त्याच्या हातात द्यायची. नंतर मी कडक भाकरीच्या धंद्यात पडले आणि शेड भाड्यानं द्यायची ठरवली. मिस्त्री बघायला आला तेव्हा त्यानं भाडं विचारलं नाही, पाणी-लाइटचं विचारलं नाही. खाली बसला, फरशीवर अंगठा फिरवला आणि अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"धूळ लई हाय, अक्का," म्हणाला.

मी म्हटलं, हे सोलापूर आहे, इथं फरशीवर धूळ नाही तर काय गुलाबपाणी सापडणार. तो हसला नाही. त्याला धुळीवरचा विनोद कधीच कळला नाही.

मूळचा तो इथलाच, पण तरुणपणीच आखातात गेला आणि डोकं पांढरं झाल्यावर परत आला. तिथं एका गॅरेजात जपानी गाड्या यायच्या, त्यांचं इंजिन गोल फिरणारं. आपल्याकडच्या इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो, त्याला पिस्टन म्हणतात. त्या इंजिनात तसलं काही नसतं. आणि त्या इंजिनातही मिस्त्री सगळ्याचा नव्हता, फक्त ऑइल सीलचा. सील झिजलं की ओळखायचं, काढायचं, नवं बसवायचं. जन्मभर त्यानं तेवढंच केलं, आणि मग सोलापुरात येऊन राहिला, जिथं तसलं एकही इंजिन नव्हतं. कुणी आयुष्यभर जहाज चालवायला शिकावं आणि म्हातारपणी इथं येऊन घर करावं, तसलाच प्रकार.

ते इंजिन असतं कसं, हे मला समजावल्याशिवाय त्याला चैन पडेना. मी शेंगा निवडत बसले होते. त्यानं त्यातली एक फुगीर, दोन दाण्यांची शेंग उचलली आणि म्हणाला, इंजिनाची पोकळी आतून अशी असते, मधे जरा बारीक. मग गाड्यावरनं समोसा आणला. पोकळीत असला तीन कोपऱ्यांचा, बाजू फुगलेला लोखंडी गोळा गरगर फिरतो. त्या गोळ्याच्या दोन्ही अंगांना बांगडीसारखी पातळ कडी बसवलेली असतात. प्रत्येक कड्याच्या पोटात रबराची एक चकती, खाली नागमोडी स्प्रिंग. ते झालं ऑइल सील. तेलानं आपल्या जागी राहावं, पेट्रोल पेटतं त्या बाजूला जाऊ नये, एवढंच त्याचं काम.

"म्हंजे उंबऱ्यात बसलेल्या सासूचं काम," मी म्हटलं.

हे मात्र त्याला आवडलं. पुढं गिऱ्हाइकांना सांगताना तो सासूच सांगायचा आणि माझं नाव घ्यायचा नाही. समोसा त्यानंच खाल्ला.

कड्याच्या कडेला तो ओठ म्हणायचा. नवं असताना ओठ धारेसारखा बारीक असतो. झिजत गेला की त्याच्यावरची चकाकी रुंद होत जाते, आणि आतलं रबर उष्णतेनं वाळून टणक होतं. मग तेल निसटतं आणि जळतं. ही झीज बघायला त्यानं उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं. बाकीची नखं साफ कापलेली, हे एकच पानासारखं पुढं आलेलं. नख ओठावरनं फिरवायचा, डोळे मिटून. भाजी घेतानासुद्धा तेच नख वांग्यावरनं फिरवायचा. भाजीवाली त्याला हात लावू द्यायची नाही.

आखातातून येताना लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात, बायकोला साड्या आणतात. यानं पत्र्याच्या पेटीतून तो तीन कोपऱ्यांचा लोखंडी गोळा आणला आणि तेलकट कागदात गुंडाळलेली सीलची कडी. त्याची बायको तेव्हा होती. पेटी उघडल्यावर ती काय म्हणाली हे त्यानं मला कधी सांगितलं नाही, आणि मी ओळखलं.

पोटासाठी तो मोटारसायकलींची, ट्रॅक्टरची, पाण्याच्या इंजिनांची सीलं बदलायचा. हात चांगला होता, कामं भरपूर यायची. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी ऐकून घ्यावं लागायचं की त्याचं इंजिन हे इंजिनच नव्हे. वर-खाली, वर-खाली, डोकं आपटत बसलेलं, अक्कल नसलेलं. एकदा एक शेतकरी चिडून म्हणाला, "मिस्त्री, माझ्या इंजनाला शिव्या द्यायच्या तर माझ्या माघारी द्या की." मिस्त्री म्हणाला, मी खरं ते तोंडावर सांगतो.

रस्त्यानं जाताना तो माणसं बघायचा नाही, धूर बघायचा. काळा म्हणजे इंधन जास्त, पांढरा म्हणजे पाणी शिरलंय, निळा म्हणजे तेल जळतंय. निळा दिसला की हा थांबलाच. सिग्नलला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर टिचकी मारून सांगायचा. लोकांना वाटायचं वर्गणी मागतोय.

"ज्याला रंग न्हाय, त्यो धूरच न्हाय, अक्का," असं तो मला सांगायचा. धूर माणसाशी बोलतो, पण रंगानं बोलतो. हे त्याचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

गल्लीतले एक म्हातारे वारले तेव्हाची गोष्ट आहे. मयताची गाडी आली. बायका रडत होत्या, पुरुष खाली माना घालून उभे. मिस्त्रीही आला होता, पांढरा सदरा घालून, तोंड पाडून. गाडी चालू झाली आणि हा गाडीच्या मागं गेला. मला वाटलं खांदा द्यायला. हा गुडघे टेकून बसला, नळीच्या तोंडात बोट घातलं, बोटाचा वास घेतला आणि उठून ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन म्हणाला की वरचं सील गेलंय, पुढचं मयत आणायच्या आधी दाखवून जा. म्हाताऱ्यांचा मुलगा बघतच राहिला. मी मिस्त्रीची बाही धरून मागं ओढली आणि विचारलं की तुम्हाला काही आहे का नाही.

"मयताला कसली घाई हाय, अक्का," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडीचं बघाय नको का?"

दुसऱ्या आठवड्यात ती गाडी खरंच आमच्या दारात येऊन उभी राहिली. सगळी गल्ली हादरली. कोण गेलं म्हणून लोक विचारायला आले. मिस्त्री मात्र खूश.

आता धुळीचं. कुठलंही सील बसवायच्या आधी तो शेड बंद करायचा. झरोक्यांना प्लॅस्टिक, माझ्या खिडकीत पोतं, दाराखाली ओली पोती, आणि सगळ्या फरशीवर पाणी मारायचा, म्हणजे खालची धूळ उडत नाही. पंखा नाही, कूलर नाही. मे महिन्यात पत्र्याखाली बनियनवर, कपाळाला टॉवेल बांधून, कारण घामाचा थेंबही सीलवर पडता कामा नये. आमच्याकडं नळाला पाणी दिवसाआड येतं असं म्हणायची सोय नाही, ते त्याला वाटेल तेव्हा येतं. मी पिंप भरून झाकून ठेवायची आणि हा त्यातलं बादलीनं नेऊन जमिनीवर ओतायचा. जमिनीवर. मी त्याला नाही नाही ते बोलले. शेवटी असं ठरलं की कपडे धुतलेलं पाणी त्यानं न्यायचं. पहिल्याच दिवशी साबणाच्या पाण्यावर पाय घसरून आदळला. तेव्हापासून शेडमध्ये बदकासारखा चालायचा, पण पाणी मारायचा काही थांबला नाही.

आणि काम चालू असताना दार उघडायचं नाही. हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. कुंभारी गावचा एक ट्रॅक्टर आला होता, मी आपली चहा घेऊन गेले आणि दार ढकललं. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. दारातून उन्हाची तिरीप आत गेली, तिच्यात धूळ तरंगत होती, तिच्याकडं बघत राहिला. मग नुकतंच बसवलेलं सील उपसून काढलं, टाकून दिलं, आणि सगळं धुवायला घेतलं, पहिल्यापासून.  चहाही घेतला नाही. मी म्हटलं, मिस्त्री, एवढ्याशा धुळीनं काय होतंय. तर म्हणाला, एक कण ओठाखाली गेला की तो लोखंड खातो.

त्यानंतर असं ठरलं, की काम झालं की तो आतून पान्यानं पत्र्यावर ठोकणार. ठोकलं की मी चहा न्यायचा. ठोकल्याशिवाय दारही उघडायचं नाही आणि खिडकीही नाही.

ही शिस्त घरात एकीला मान्य नव्हती. माझ्याकडं एक तांबडी कोंबडी होती. म्हातारी, अंडी द्यायची बंद झालेली. का ठेवली होती ते मला विचारू नका. उन्हाळ्यात ती ओल्या फरशीच्या गारव्याला शेडमध्ये जाऊन बसायची, आणि मिस्त्रीला तिचा धाक होता. पिसं झाडते, माती उडवते. शेड बंद करायच्या आधी तो पेटीमागं, पोत्यांखाली, गाडीखाली वाकून बघायचा आणि सापडली की दोन्ही हात जोडायचा. "बेगम, बाहर तशरीफ ले जाव." बेगम जायची नाही. मग आतून जो आरडाओरडा व्हायचा तो रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. मला तेवढीच करमणूक.

असं चाललं होतं, आणि अकलूजची गाडी आली.

ट्रकवर घालून आणली होती. लाल, बसकी, दोन दारांची, जुनी. उसाच्या पैशावर वाढलेला एक हौशी माणूस तिचा मालक. कुठून कुठून हात बदलत ती त्याच्याकडं आली होती आणि चालू केली की निळा धूर सोडायची. पुण्याच्या गॅरेजवाल्यांनी हात जोडले होते. कुणीतरी त्याला सांगितलं, सोलापुरात एक येडा मिस्त्री हाय. मिस्त्रीनं झाकण उचलून आत बघितलं आणि सदऱ्याची बटणं लावून घेतली, जशी नमाजाला जाताना लावतो तशी. मग मालकाला म्हणाला, चालू करा. नळीतून निळा लोट निघाला. मिस्त्री त्याच्यात उभा राहिला, हलला नाही. इतकी वर्षं वाट बघितल्यावर असला धूर कुणीतरी त्याला आणून दिला होता.

सीलची कडी त्याच्या पेटीत होती. आतलं रबर मात्र ठेवून वाळतं, ते मालकानं बाहेरून मागवलं. इंजिन उतरलं, सुटं झालं, आणि शेडभर पांढऱ्या टॉवेलांवर मांडलं गेलं. जेवायला तो अंगणात येऊन बसायचा आणि मला सगळं सांगायचा, मी विचारलेलं नसताना. जुन्या कड्यांवरची चकाकी किती रुंद झालीय. स्प्रिंगचं टोक कुठल्या बाजूला ठेवायचं. नवं कडं दाबून बसवायला हत्यार वापरायचं नाही, नाहीतर ओठ दुखावतो. काढलेलं जुनं कडंच उलटं धरायचं आणि त्यानं नवं दाबायचं. दाबल्यावर बोटानं ढकलून बघायचं, सहज आत जाऊन सहज वर आलं पाहिजे. बाकीचे बारके तुकडे जागेवर चिकटून राहावेत म्हणून व्हॅसलीन लागतं, तर माझ्या टाचांची डबी घेऊन गेला. ती काही परत आली नाही.

त्या दिवसांत तो नीट झोपला नसावा. मला एकदा म्हणाला, "ह्ये जमलं न्हाय तर मी तितं नुसता भांडी घासायला गेलो व्हतो असं समजायचं." मी म्हटलं, मग काय झालं, भांडी घासणारी माणसं जगत नाहीत का. तो हात धुऊन शेडकडं गेला. मला समजलं होतं तो काय म्हणत होता ते, पण सगळंच समजल्याचं दाखवायची मला सवय नाही.

इंजिन परत गाडीत बसलं त्या दिवशी दुपारी वारं सुटलं होतं. रस्त्यावर वावटळी फिरत होत्या. चालू करून बघायचं तर निदान आता तरी दार उघडाल का, असं मी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. हवा हलली की धूर कळत नाही. आधी व्हॅसलीन जळून थोडा धूर येईल, तो जाईल, आणि मग खरं काय ते दिसेल. बारीक दोऱ्याएवढी निळी रेघ आली तरी मला दिसली पाहिजे. निळं दिसलं की इंजिन बंद करून दार उघडतो, म्हणाला. आणि दाराला आतून कडी लावली. कोंबडी आत आहे का हे त्या दिवशी त्यानं बघितलं नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

मी भाकरी थापत होते. इंजिन चालू झालं. आपल्या इंजिनासारखं धाडधाड नाही. आग्या मोहोळ उठल्यासारखा एकच घूं आवाज, मधे तुटत नाही. मी हात तसाच ठेवून ऐकत राहिले. तव्यावरची भाकरी करपली, एवढंच सांगते.

आवाज चालू राहिला. पाना काही वाजेना. चहाचं आधण ठेवलं होतं ते उकळून आटलं. मी म्हटलं, बसला असेल नळीत तोंड घालून. करपलेल्या भाकरीचे तुकडे घेऊन अंगणात गेले, तांबडीला घालावे म्हणून. तांबडी कुठं दिसेना. पिंपामागं नाही, चुलीच्या राखेत नाही. म्हणजे शेडमध्ये असणार.

खरं सांगायचं तर मी कोंबडी शोधत होते. पण तिथं उभी राहिले आणि डोक्यात आलं, की कोंबडी आत आहे आणि मिस्त्री ओरडत नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन फुंकणीनं खिडकीतलं पोतं ढकललं. मग दिसलं ते सुरुवातीला सांगितलंच आहे.

दार पत्र्याचं, कोयंडा जुना, स्क्रू गंजलेले. वरवंट्याचे घाव घालत गेले. आतून हूं नाही की चूं नाही, फक्त ते मोहोळ. कोयंडा निघाला. दार ढकललं तर आत धूर नव्हता. मी तिथं क्षणभर थांबले ते एवढ्यासाठीच. धुराचा टिपूस नाही, हवा स्वच्छ, बॅटरीचा उजेड नळीच्या तोंडावर पडलेला आणि तिथून काहीही बाहेर येताना दिसत नव्हतं. मला वाटलं हार्ट. मग माझ्याच कपाळात ठणका उठला, पाय कुणी दुसऱ्याचे असल्यासारखे झाले, आणि कळलं की इथं थांबायचं नाही.

त्याचे दोन्ही पाय धरले आणि ओढला. अंगानं तो काही हलका नव्हता. पण फरशीवर माझंच साबणाचं पाणी होतं, ज्याच्यावरून मी त्याला इतकं बोलले होते. घसरत आला बिचारा, उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावर त्याचं डोकं आपटलं. त्याला इलाज नव्हता.

वरवंट्याचा आवाज ऐकून शेजारचा रिक्षावाला धावत आला होता. मिस्त्री रोज ज्याच्या रिक्षाला नावं ठेवायचा तोच. नाकाला रुमाल लावून तो आत गेला, किल्ली फिरवली, झरोक्यांचं प्लॅस्टिक ओरबाडून काढलं. मी भिंतीला टेकून बसले होते, ओकाऱ्या येत होत्या. मिस्त्रीचं तोंड लाल झालेलं, ताप चढल्यासारखं. मी त्याच्यावर पाणी ओतलं. पिंपातलं, चांगलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. ओठ हलवले. मी कान खाली नेला.

"निळा?" त्यानं विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं. "काय बी न्हाय. साफ हाय."

तो हसला, आणि माझ्या झाडलेल्या अंगणात ओकला.

रिक्षात घालून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. वाटेत रिक्षावाल्यानं मागं वळून म्हटलं, "मिस्त्री, आज तुमचंच इंजन बंद पडलं व्हतं की." मिस्त्रीला उत्तर सुचलं नाही म्हणजे तब्येत खरंच वाईट होती. त्याच्या नाकातोंडावर प्राणवायू लावला, मलाही थोडा वेळ बसवून लावला. डॉक्टर तरुण होता. त्यानं सांगितलं, बंद जागेत इंजिन चालू ठेवलं की एक विषारी वायू साठतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, माणूस झोपल्यासारखा होतो आणि मग उठत नाही. मिस्त्रीनं तोंडावरचं झाकण बाजूला केलं.

"रंग न्हाय, वास न्हाय, मग त्यो हाय ह्ये कळतं कसं?"

"तुम्ही पडलात, तेव्हा कळलं," डॉक्टर म्हणाला.

मिस्त्रीला पटलं नाही. रात्रभर तो छताकडं बघत होता म्हणे. सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा मी माझ्या डोक्यानं विचार करून ठेवला होता, तो त्याला सांगितला. सील वाकडं बसलं असतं तर शेड निळ्या धुरानं भरली असती. तुम्ही खोकत उठला असता, दार उघडलं असतं, मला चार शिव्या घातल्या असत्या. तुम्ही काम इतकं चांगलं केलंत की तुम्हाला काही दिसलंच नाही. म्हणून मरत होता.

त्यानं अंगठ्याचं नख डब्याच्या कडेवरनं फिरवलं. मला वाटलं आता तरी या माणसाच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हंजे सील बसलं," तो म्हणाला.

डबा तिथं ठेवून मी घरी आले.

चार दिवसांनी अकलूजचा मालक आला. दार सताड उघडं ठेवून गाडी चालू केली, बंद केली, गार होऊ दिली, परत चालू केली. धूर नाही. मालकानं मिस्त्रीला मिठी मारली. मिस्त्री त्याच्या खांद्यावरनं नळीकडंच बघत होता. गाडी गेली, तर हा रस्त्याच्या मधोमध उभा राहून तिच्या मागं हवा हुंगत राहिला. मागून बसवाला हॉर्न देतोय, तरी बाजूला होईना.

तसली गाडी परत आली नाही. मिस्त्री शेडमध्ये पुढंही काम करत राहिला, आणि पाणीही मारत राहिला. पण माझ्या खिडकीत पोतं कोंबायचं बंद केलं, तिथं ओला पंचा टांगायला लागला. आणि रंग नसलेल्या धुराचं ते वाक्य मी त्याच्या तोंडून परत ऐकलं नाही. मीच कधीतरी म्हणून दाखवायची, तो उठून बाहेर जायचा. आता तो मोडनिंबला मुलीकडं असतो. घर रस्त्याला लागून आहे, दिवसभर ट्रक जातात, त्यामुळं त्याचं बरं चाललंय. फोन करतो तेव्हा माझी तब्येत विचारत नाही, आज निळे किती गेले ते सांगतो. मी ऐकून घेते.

तांबडी त्या संध्याकाळी रिक्षावाल्याला सापडली, त्या पेटीमागं, ओल्या फरशीवर, झोपल्यासारखी. रस्सा होईल म्हणाला तो. मी तिला तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दवाखान्यातून आल्यावर त्याला सांगितलं.  ज्या पांढऱ्या टॉवेलांवर सीलं मांडली होती त्यातला एक धुतलेला टॉवेल त्यानं घेतला, तिला त्यात गुंडाळली आणि अंगणात लिंबाखाली स्वतः खड्डा खणून पुरली.

अजूनही कोण कोण विचारतात, त्या दिवशी आत नेमकं कोण होतं म्हणून. आधी मिस्त्री आणि तांबडी, मागनं मी, आणि शेवटी किल्ली फिरवायला रिक्षावाला. रिक्षावाल्याला काही झालं नाही. मिस्त्री वाचला, मी वाचले. तांबडी वाचली नाही.